खिडकीपाशी उभी असलेली मुलगी

डॉक्टर : चेहऱ्याकडे बघू नका काका, कानाकडे बघा. तोंडाला रंग फासलाय, डोक्यावर रबराचं टोपरं आहे. कान तेवढे मोकळे सोडलेत.

काका : आता परग्रहावरच्या माणसाचे कान मी काय ओळखणार, सांगा! ...थांबा, थांबा. जरा मोठं करा. पाळी गालाला चिकटलेली दिसतेय. अहो, हा तर आमचा सुतार!

डॉक्टर : सुतार म्हणजे टोपणनाव?

काका : म्हणजे सुतारच हो. सगळं यान त्यानंच बांधलं होतं, प्लायवूडचं. ऐन वेळी परग्रहवासी कमी पडला की दिग्दर्शक ओरडायचा, ‘सुताराला रंगवा!’ एकाच भागात तीन ग्रहांवर राहिलाय बिचारा. अंगाला हिरवा रंग फासायचे आणि पडद्यावर दिसायचा नुसता काळपट. आठ आठ दिवस कानामागचं हिरवं जात नसे.

डॉक्टर : वा! म्हणजे आणखी एक सापडला. आमच्या जुन्या मालिकेच्या वेड्या मंडळींत याच्यावरून वर्षभर वाद चाललाय. पण शेवटी येणाऱ्या नावांच्या पाटीत कुठेच नाव नाही याचं. नाव काय होतं?

काका : ते कुणाला ठाऊक! आमच्यात नावं नव्हतीच. जो जिथे उभा, ते त्याचं नाव. एक होता जिना, एक होता लाल दिवा. एका जाड्या माणसाला सगळे धूर म्हणायचे, कारण तो कायम धुराच्या नळकांड्याशेजारी खोकत उभा. मला म्हणायचे दार.

अक्का : मान खाली घालून काय पुटपुटतोयस? मला दिसतंय का काही?

काका : दार म्हणायचे म्हटलं, दार!

अक्का : हो हो, दार. डॉक्टर, यानाची ती आपोआप सरकणारी दारं तुम्ही लहानपणी डोळे फाडून बघितली असतील ना? ती माझा हा भाऊ ओढायचा. भिंतीमागे उकिडवा बसून, दोरीनं.

डॉक्टर : काय सांगता! अहो, मी घरातल्या प्रत्येक दारासमोर हात वर करून उभा राहायचो, उघडेल म्हणून. आईनं त्यापायी धपाटे घातलेत.

अक्का : काय म्हणालात? त्या मिशा आधी कापा बघू. जगाच्या तोंडात डोकावता आणि स्वतःचे ओठ झाकून ठेवता. दातांचे डॉक्टर म्हणे! मला तुमचं अर्धं बोलणं केसातच अडकलेलं दिसतं.

डॉक्टर : कापतो, मावशी. आईनं धपाटे घातले, एवढंच म्हणालो.

अक्का : बरं केलं तिनं.

काका : डॉक्टर, तो काचेच्या बोगद्याचा भाग आणलात ना?

डॉक्टर : आणलाय हो. तिसऱ्यांदा विचारताय. आधी एवढे चार चेहरे उरकू, मग—

काका : ते मागनं. मूळ रिळावरून केलेला आहे ना? साफ केलेला?

डॉक्टर : एकदम लख्ख. बटणावरचा ओरखडासुद्धा दिसतोय. पण एवढं काय आहे त्यात?

अक्का : चार दिवस याचा जीव थाऱ्यावर नाही. आज दोनदा दाढी केलीय. मी विचारलं तर म्हणतो, जुनी माणसं भेटणार. पडद्यावरची माणसं तुझी दाढी बघणार आहेत का रे?

काका : अक्का, तू चष्मा आण तुझा. जवळचा.

डॉक्टर : काका, हे तुम्ही मला कळू नये म्हणून आवाज न काढता बोललात का? चष्मा काहीतरी?

काका : नाही हो, सवय. हिच्याशी बोलताना आवाज काढायचं राहूनच जातं. काढून उपयोग काय? हिचे कान गेले त्याला जमाना झाला. ओठ वाचते. तुमच्या टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा आवाज बंद करून ऐकते.

डॉक्टर : आणि बोगद्यात काय आहे?

काका : बोगद्यात एक खिडकी आहे. खिडकीपाशी एक मुलगी उभी आहे. तिलाही आम्ही खिडकीच म्हणायचो.

डॉक्टर : ती! अहो, ती आमचं सगळ्यात मोठं कोडं आहे. सात-आठ भागांत आहे आणि कुणालाच माहीत नाही कोण ते. नाटकवाल्यांना विचारलं, जुन्या शिंपिणीला विचारलं. तुम्हाला नाव माहितेय?

काका : नाव विचारलं असतं तर मग काय हवं होतं! दोरी ओढता ओढता फटीतून बघायचो तिला. मग एकदा माणूस कमी पडला, मला चंदेरी कपडे चढवले आणि तिच्यासमोर उभं केलं. पुढे कप्तान बोलणार, मागे आम्ही दोघं गप्पा मारतोय असं दाखवायचं. पण आवाज काढायचा नाही बरं का. आमच्या कुणाचा हुं जरी ऐकू आला तरी ध्वनिमुद्रक अंगावर यायचा. मग ओठ हलावेत म्हणून आम्ही पाढे म्हणायचो.

डॉक्टर : पाढे! आणि आम्ही समजायचो, यानातली माणसं इंधनाबद्दल बोलतायत.

काका : मी सतराचा म्हणणार होतो. तो मला पक्का येतो. पण कॅमेऱ्याकडे माझी पाठ होती. कुणाला दिसणार नव्हतं, कुणाला ऐकू जाणार नव्हतं. एरवी कधी धीर झाला नसता. मी विचारलं तिला, लग्न करशील माझ्याशी?

डॉक्टर : चालू कॅमेऱ्यासमोर?

काका : आवाज न काढता. पण तिला कळलं, डॉक्टर. डोळे मोठे झाले तिचे. आणि ती काहीतरी बोलली, तसंच, ओठांनी. आणि हसली. मला ओ की ठो कळलं नाही. तेव्हा मला कुठे येत होतं ओठ वाचायला!

डॉक्टर : मग नंतर विचारायचं ना!

काका : काय विचारायचं? ‘नाही म्हणालीस ना?’ म्हणून? हसली म्हणजे थट्टा वाटली असणार तिला, असं धरून चाललो मी. संध्याकाळी फाटकापाशी उभी होती, पिशवी छातीशी धरून. म्हटलं, भावाची वाट बघतेय. तो न्यायला यायचा तिला. मी आपला सुताराच्या दारानं मागच्या मागे सटकलो. तेच शेवटचं काम निघालं. नवा भाग लिहूनच आला नाही, मालिका बंद. कॅसेटवर तो भाग किती वेळा बघितला असेन! पण तिथे तिचं तोंड म्हणजे नुसता पांढरा डाग.

डॉक्टर : लावतो. थांबा... हा बोगदा. हा कप्तान. आणि ही—

काका : हं.

डॉक्टर : काका?

काका : हात कसे बांधलेत बघा. तिची सवय होती ती. मी विसरलोच होतो. ...पुन्हा लावा.

डॉक्टर : लावलं.

काका : पुन्हा.

डॉक्टर : हे घ्या. सावकाश करून लावू?

काका : नको. जसं होतं तसंच राहू दे. अक्का, बघ. ही मुलगी काय म्हणतेय ते वाच.

अक्का : जरा सरक बाजूला. तुझं टाळकं मध्ये येतंय. ...आणखी एकदा लावा हो डॉक्टर. ...हं.

काका : काय?

अक्का : पाढा म्हणतेय.

काका : पाढा?

अक्का : पाढाच. सतराचा. तुम्हा सगळ्यांना तोच येत होता वाटतं.

काका : बरं. ...बरं झालं. एकदा कळलं ते बरं झालं. चहा टाकतो.

(काका स्वयंपाकघरात जातात. अक्का दाराकडे पाठ करून बसलेली.)

डॉक्टर : मावशी, इकडे बघा माझ्याकडे. मिशी वर धरतो हवी तर.

अक्का : बोला.

डॉक्टर : मला ओठ वाचता येत नाहीत. पण जन्मभर लोकांच्या तोंडातच बघतोय मी. सतरा म्हणताना पहिल्याच अक्षराला ओठ गोल होत नाहीत. तिचे झाले.

अक्का : तुम्ही दात बघा हो, दात. उगीच ओठांत शिरू नका.

डॉक्टर : काय म्हणाली ती?

अक्का : ...हो म्हणाली. ‘हो. पण असं नाही, आवाज काढून विचार.’ हे म्हणाली आणि मग हसली. लाजून हसली हो ती, थट्टा नव्हती. अडाण्यालासुद्धा कळलं असतं, आमच्या या येड्याला तेवढं कळलं नाही.

डॉक्टर : मग फाटकापाशी ती यांचीच वाट—

अक्का : नका ना बोलू. मला दिसतंय सगळं.

डॉक्टर : सांगायला हवं होतं त्यांना.

अक्का : कुठल्या तोंडानं सांगू? त्यानंतर आठवड्यातच माझं ते आजारपण झालं. ताप उतरला आणि कान घेऊन गेला. नवऱ्याकडच्यांनी मला आणि माझ्या ट्रंकेला आणून इथे टाकलं. याची दोन खोल्यांची जागा, हातात काम नाही. तेव्हापासून हा मला सांभाळतोय. कधी उणा शब्द नाही. पोरी सांगून आल्या, तर आधी माझ्याकडे बोट दाखवायचा, ही आहे, चालेल का म्हणून. मला वाटायचं, याला कुणी मनात नव्हतीच. तेवढ्यावर मला झोप लागायची, डॉक्टर. आता या वयात त्याला सांगू, की ती हो म्हणाली होती? त्यानं काय करायचं त्या ‘हो’चं? कुठे ठेवायचं?

डॉक्टर : मावशी, मागे—

अक्का : पाढा म्हणाली, हेच बरं आहे.

काका : डॉक्टर, तिला जरा इकडे वळवा.

अक्का : काय झालं? ...अरे, कधी आलास तू? चहा कुठाय?

काका : ठेवलाच नाही. अक्का, बँकेत, दवाखान्यात, बसमध्ये तू माझ्याशी कशी बोलतेस?

अक्का : आता हे काय मध्येच? तुला माहितेय. आवाज चढतो माझा, लोक वळून बघतात. म्हणून नुसते ओठ हलवते.

काका : आणि ते कोण वाचतं? इतकी वर्षं तुझे ओठ वाचतोय मी. तिचे मला पहिल्याच वेळी कळले. बाकीच्या दोन वेळा नुसतं तिला बघत होतो.

अक्का : मग मला कशाला वाचायला लावलंस, मेल्या? माझा जीव किती खाली-वर झाला!

काका : तिनं ते बिनआवाजाचं सांगितलं ना गं. मीही बिनआवाजाचं वाचलं. मला ते एकदा कानानं ऐकायचं होतं. कुणाच्या तरी आवाजात.

अक्का : आणि मी पाढा सांगितला.

काका : सतराचा. त्यातही चूक केली असतीस तू.

अक्का : मी आड आले रे तुझ्या.

काका : तू आलीस आठवड्यानं. त्या संध्याकाळी ती उभी होती तेव्हा मध्ये कुणी नव्हतं. फाटक उघडं होतं, ऊन होतं, आणि मी सुताराच्या दारानं पळालो. ते तुझ्या खात्यावर कशाला घेतेस? ...म्हण ना अक्का. एकदा म्हण.

अक्का : माझा आवाज आता कसा येतो ते मलाच ठाऊक नाही. फाटका येत असेल.

काका : चांगला येतो. म्हण.

अक्का : ‘हो. पण असं नाही. आवाज काढून विचार.’

डॉक्टर : काका, पाणी देऊ का?

काका : नको, नको. काही नाही. डॉक्टर, ते जरा मागे न्या. तिचे ओठ हलायच्या आधी. तिथे थांबवा.

डॉक्टर : थांबवलं.

काका : केवढी लहान होती हो! तेव्हा तसं वाटलं नव्हतं. तुमच्या मंडळींनी शोधलीत आणि सापडली, तरी ती आता आजी असेल कुणाची तरी. तिला काही सांगू नका. एवढंच विचारा, नाव काय म्हणून.

डॉक्टर : विचारतो. आता सोडू का पुढे?

काका : सोडा.

अक्का : विचारलंस का रे तिला, लग्नाचं? मला ओठ हललेले दिसले.

डॉक्टर : आवाज नाही निघाला, मावशी.

अक्का : मग पुन्हा लावा. निघेपर्यंत लावा.