पोशाच्या बांधाला मूठभर चिखल

ऐका रे. आणि आधी तो मोबाईल उपडा घाल, उजेड डोळ्यांत येतो माझ्या.

खाडीवरची ती बाग आहे ना, तुम्ही सकाळी चालायला जाता ती? तिथं पूर्वी खाजण होतं. चिखल, खारं पाणी, चिंबोऱ्या. कडेनं गावाचा बांध, बांधाच्या आत आपली भातशेतं. एका उधाणाला बांध फुटला. आमचा पोशा, बांधाचा राखणदार, त्या भगदाडात आडवा पडला. वरून गावानं माती लोटली. शेतं वाचली, पोशा गेला. तेव्हापासून रीतच होती, बांधावरून जायचं तर मूठभर चिखल लिंपायचा. पोशाच्या नावानं.

मग भराव पडला. बाग झाली, बांधावर लाद्या बसल्या. आणि आपण टाळ्या वाजवल्या हो! अजून जीव तुटतो माझा.

तर माझा भाऊ चांगा. लेक बाळंतपणाला आलेली, तिला चिंबोऱ्यांचा रस्सा हवा. म्हणून गेला उरल्यासुरल्या खाजणात. परतताना काळोख पडला. म्हणाला, बागेतून जाऊ, जवळ पडतं. मेल्याला अक्कल कुठली!

चालतोय, तर पुढं लाद्यांवर ओली पावलं. माणूस नाही. नुसती पावलं! मग मागून हाक, "चांगा, बांध फुटला रे!" ही हाक ऐकून आपल्यातला कोण पुढं जाईल? चांगा वळला. तिथंच फसला! पायाखालची लादी खचली, गार हातानं घोटा धरला.

"माती दे."

माती आणायची कुठून? सगळीकडे लाद्याच! चांग्यानं फुलझाडांच्या वाफ्यातली मूठभर ओरबाडली, दिली. हातानं भिरकावली.

"ही विकतची. आपली दे!"

आणि खेचला की त्याला कमरेपर्यंत आत! चांगा रडायला लागला. "पोशाकाका, सोड रे! पोर वाट बघतेय घरी!" तेवढ्यात आपल्याच हाताकडं लक्ष गेलं. चिंबोरीच्या बिळात हात घातलेला, खांद्यापर्यंत चिखल वाळलेला! नखांनी खरवडला, पुढं केला.

हातानं तो घेतला. हुंगल्यासारखा आवाज आला. मग अगदी हळू विचारलं, "खाजण आहे का रे अजून?"

"आहे काका. थोडं आहे."

हात सुटला. चांगा घरी आला तो तापानं फणफणत.

आता त्या थोड्यावरही भराव पडतोय, पोरांनो. काळोखात त्या वाटेला जाऊ नका. त्यानं पुन्हा तेच विचारलं, तर सांगणार काय त्याला?