कॉम्प्युटरचा कौल

पार्शे गावच्या देवळात कौल घेणाऱ्यांची रांग लागली होती. देवाच्या अंगावर चिकटवलेली उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. गुरुदासचा पाय काही जागेवर ठरत नव्हता. त्याच्या पुढे एक दुकानदार आणि त्याची बायको उभी होती, आणि त्यांना हळू बोलणं जमत नव्हतं.

"मागच्या सोमवारी उजवी पडली ना? मग परत देवाला कशाला त्रास?"

"हळू बोल गो."

"पणजीच्या हॉटेलात कंपनीने जेवू घातलं आणि तुम्ही एजन्सी घेऊन आलात. पेडण्याच्या बाजारात कॉम्प्युटरची दुकानं काय कमी आहेत?"

"हा तसला नव्हे. तू नुसतं बोलायचं, तो पत्र लिहितो, चित्र काढतो, विचारशील ते सांगतो."

"ते माझ्या मोबाइलवरपण होतं."

"अगो, पण देवाने होकार दिला!"

"मग आज कशाला आलो?"

"त्याच दिवशी समोरच्या दुकानातल्या भिकाजीलापण उजवी पडली. ह्याच कॉम्प्युटरसाठी."

"देवा! तुम्ही नेमकं विचारलंत काय?"

"हा कॉम्प्युटर पेडण्यात खपेल काय, असं."

"आणि कुणाच्या दुकानातून, ते?"

"ते विचारायचं ऱ्हावलं."

गुरुदासने पिशवीतून डोकावणारा, त्याच कॉम्प्युटरच्या एजन्सीचा फॉर्म आत दाबला. तेवढ्यात दुकानदार मागे वळला.

"तुमचा कौल कसला, बाब?"

"गुडघ्याचा," गुरुदास म्हणाला.