निंबाकडची रिंग

वच्छलाबाई : नाही नाही, मले सांगू नका डोळ्यात कचरा गेल्ता म्हनून. एसी लावलेल्या टाकीजात कचरा कुठून आला? पौर्णिमा, तू बाजूले बसली होती. सांग, रडले का नाही तुये सर?

पौर्णिमा : काकू, त्यांचा चहा तर होऊ द्या आधी.

वच्छलाबाई : चहा होईन. पोरीच्या पाठवनीले सारा मांडव रडला, तवा हा मानूस गादीवाल्यासंगं भांडत होता का दोन गाद्या कमी कावून आनल्या. अन् आज पडद्यावर एका पोट्ट्यानं दुसऱ्याकडे बॉल काय फेकला, याईच्या डोळ्याले धार.

सूर्यभान सर : अर्धा सिनेमा तू झोपेत काढला. तुले काय समजलं?

वच्छलाबाई : अर्ध्यातून जागी झाली ना. तुमच्या नाक ओढन्यानंच झाली. पौर्णिमा, तो जाळीच्या भाईर उभा होता तो कोन व बापा?

पौर्णिमा : तो दिगंबर. बास्केटबॉलच्या फायनलच्या दिवशी तोच भेवानं बस पकडून पळून गेला होता. टीमले चार जणात खेळावं लागलं अन् ते हरले. मग दहा वर्षं तो गावात आलाच नाही. शेवटी येतो तर कॅप्टन लहान पोट्ट्यांना शिकवत असतो. हा जाळीबाहेर उभा. आत जायची हिंमत नाही, परत जायचं मन नाही.

वच्छलाबाई : मंग कॅप्टननं त्याले शिव्या नाही देल्ल्या?

पौर्णिमा : नाही. काहीच बोलला नाही. फाटक उघडलं अन् बॉल त्याच्याकडे टप्पा देऊन फेकला. दिगंबरनं तो रिंगमध्ये नाही टाकला. छातीशी धरून उभा राहिला, बस.

वच्छलाबाई : अन् येवढ्यावर सारं टाकीज रडलं? माह्या पुढच्या रांगेत तो पोटवाला पोलीस होता, तो बी रुमाल काढून राह्यला होता.

पौर्णिमा : तेच मले सरांना विचारायचं आहे. म्हणून तर अमरावतीहून येऊन तुमाले सिनेमाले नेलं. माझ्या शाळेतल्या पोरी तीन-तीन वेळा पाहून आल्या, तीनही वेळा त्याच जागेवर रडल्या. मी विचारलं, अगं, पुढं काय होते ते माहीत आहे, तरी काहून रडता? कोणालेच सांगता येईना. एक अपेक्षा तेवढी म्हणाली, मॅडम, तो काही बोलत नाही ना, म्हणून.

सूर्यभान सर : कोन अपेक्षा?

पौर्णिमा : माझ्या टीमची कॅप्टन. उद्या भेटेलच तुमाले.

सूर्यभान सर : उद्या मी येऊन नाही राह्यलो. तुले फोनवर सांगतलं होतं.

पौर्णिमा : सर, माझ्या शाळेचं ग्राउंड तयार झालं. रंग वाळला. आपल्या वेळच्या बारा जणींपैकी नऊ येऊन राहिल्या. पिंकी परतवाड्याहून दोन लेकरं घेऊन येते. पहिला बॉल तुमच्या हातानं टाकायचा, हे साऱ्याजणींनी मिळून ठरवलं.

सूर्यभान सर : एखाद्या पुढाऱ्याले बोलाव. त्याईले हौस असते. माहा गुडघा दुखते.

वच्छलाबाई : गुडघा? काल तर गच्चीवर चढून पानी आलं का पायत होते. दोन खेपा झाल्या.

पौर्णिमा : काकू, सहा वर्षं झाली, मी दर वर्षी शाळेच्या सामन्याले बोलावते. पहिल्या वर्षी गुडघा, दुसऱ्या वर्षी नातवाची परीक्षा. तो नातू तवा बालवाडीत होता.

वच्छलाबाई : तू मनाले लावून नको घेऊ पोरी. तुयं नाव घरात रोज निंघते. झोपेत बी खेळ सुटत नाही याईचा. हात वर करतेत अन् वरडतेत, "मागं फीर, पोरी, मागं फीर." मले वाटे का सपनात शेळ्या हाकून राह्यले. पंचवीस-सत्तावीस वर्सं झाले असतीन.

सूर्यभान सर : वच्छला, दोन पापड भाजून आन बरं.

वच्छलाबाई : पापड सरले. अन् असते तरी आता मी उठत नाही. तुमचं तोंड काहून उतरलं?

सूर्यभान सर : बस मंग. तू बी आयक. पौर्णिमा, तुले धामनगावची ते मॅच आठवते?

पौर्णिमा : आठवते, सर.

वच्छलाबाई : जेच्यात ईनं उलट्या रिंगमधी टाकला, तेच ना? सारं धामनगाव बोलत होतं. पोट्टे हिले "उलटी पौर्णिमा" म्हनत.

पौर्णिमा : अजून म्हणतात काकू. मागच्या महिन्यात धामणगाव स्टेशनवर एकानं ओळखलं, तर म्हणाला, उलटी पौर्णिमा ना तू? अन् मग माझ्या पोरीसाठी पेढे घेऊन दिले.

सूर्यभान सर : हासून नको राहू. आज हासलं का मले बोलता येनार नाही. आयक वच्छला. ग्राउंडाच्या एका अंगाले निंब होता, दुसऱ्या अंगाले शाळेची भिंत. पहिल्या हाफमधी आमाले निंबाकडच्या रिंगमधी टाकाचा होता. हाफ झाला का बाजू बदलते. म्हंजे आता आमची रिंग भिंतीकडची. हे लहान लेकराले बी मालूम असते.

वच्छलाबाई : बरं.

सूर्यभान सर : एकच मिनिट राह्यला होता. आमी एका पॉइंटनं पुढे. अन् पिंकीले पाचवा फाऊल लागला, गेली भाईर. बेंचवर हे पौर्णिमा होती. नववीतली पोरगी, सारी मॅच बसून काढलेली. मी हिचे खांदे धरले. म्हनलं, बॉल हाती आला का कोनाकडे पायजो नको, सीधी निंबाकडे पळजो. अन् बोट दाखवलं. ह्या बोटानं.

वच्छलाबाई : निंबाकडे? पन तुमीच तर आता म्हनले का...

सूर्यभान सर : हो. निंबाकडे. बाजू बदलली हे हिले नाही, मले आठवलं नाही. वीस वर्सं शिकवलेल्या मास्तरले.

वच्छलाबाई : अवं माय.

सूर्यभान सर : शेवटचे बारा सेकंद राह्यले होते. हिनं बॉल हिसकला, अन् सुटली निंबाकडे. कोनी मागं गेलं नाही. कावून जातीन? हिले वाटलं का मी सारायले मागं टाकलं. मले त्या वक्ताले समजलं. मागं फीर म्हनाले तोंड उघडलं, तर आवाजच निंघेना. अन् पोरीनं पळता पळता उडी घेऊन लेअप काय मारला वच्छला. तीन वर्सं मी तिले तो शिकवून राह्यलो होतो, एक डाव जमला नव्हता. त्या दिवशी पयल्यांदा जमला. दुसऱ्याच्या रिंगमधी.

वच्छलाबाई : अन् मंग ते दोन पॉइंट समोरच्याईले गेले, तुमी एका पॉइंटनं हारले.

सूर्यभान सर : हारले. सारे हिच्यावर तुटून पडले. अन् मी खाली वाकून बॉल थैल्यात भरत राह्यलो. पाचच बॉल होते. लय वेळ भरले. हेडमास्तर म्हने, काढून टाका हे पोरगी. हिचा बाप पंजाबराव जिनिंग मिलमधून तसाच आला, केसाईत सारा कापूस. म्हने, मास्तर, लोकं दात काढून राह्यले, आता खेळू देत नाही मी इले. तवा बी माह्या तोंडातून निंघालं नाही, का बाबा, चुकी माही हाय. फकस्त म्हनलं, उद्या सकाळी पाचले ग्राउंडवर पाठवा.

पौर्णिमा : बाबांनी नाही पाठवलं. तुम्हीच आले सायकल घेऊन.

सूर्यभान सर : ते उपकार नोयते पौर्णिमा. हेच तर सांगून राह्यलो. चोराच्या मनात चांदनं. माह्या पोटात ते बोट टोचत होतं, म्हनून येत होतो. अन् तू समजत राह्यली का सर म्हंजे देवमानूस. उद्या तू माईक घेशीन अन् नऊजणीसमोर म्हनशीन, मी चुकली होती, सरांनी मले उभं केलं. ते मी कोन्या कानानं आयकू? म्हनून येत नाही. सहा वर्सं खोटं बोललो. गुडघा माहा चांगला हाय.

वच्छलाबाई : अन् मी त्याले तेल चोळत होती.

सूर्यभान सर : आज टाकीजात सारे त्या कॅप्टनच्या चांगुलपनाले रडले असतीन. मी जाळीभाईरच्याले रडलो. तो तिथं उभा होता, त्याच्या जागी मीच उभा हावो.

(वच्छलाबाई सरांच्या गार झालेल्या चहावरची साय बोटानं काढतात आणि कप पुन्हा त्यांच्यापुढे ठेवतात.)

पौर्णिमा : सर, मले माहीत होतं.

सूर्यभान सर : काय माईत होतं?

पौर्णिमा : बोट. ते माझ्यासाठीच तर दाखवलं होतं. मले दिसणार नाही का? मी बेंचवरून मॅच पाहत होती. भिंतीकडे जायचं हे माझ्या डोक्यात होतं. पण तुम्ही निंब म्हणाले. तुम्ही म्हणाले म्हणजे निंब. माझं डोकं तुमच्यापेक्षा मोठं आहे असं मले वाटलंच नाही.

सूर्यभान सर : अन् तू कोनाले बोलली नाही?

पौर्णिमा : नाही.

वच्छलाबाई : मी असती तर साऱ्या गावात डफडं वाजवलं असतं.

पौर्णिमा : मी बी वाजवणार होती काकू. लय राग आला होता. घरी जाऊन मायच्या पदरात तोंड घालून ठरवलं, उद्या शाळेत साऱ्यांसमोर विचारीन, सर, निंब कोणी म्हटलं? पूर्ण वाक्य पाठ केलं होतं. अन् सकाळी दार वाजलं. उघडते तर सर सायकल धरून उभे. डोळे लाल, दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. एक शब्द बोलले नाही. थैल्यातून बॉल काढला अन् माझ्याकडे फेकला.

वच्छलाबाई : मंग?

पौर्णिमा : मंग काय. मी झेलला. वाक्य राहून गेलं.

सूर्यभान सर : मले वाटे, हिले काईच माईत नाही.

पौर्णिमा : सर, सुरुवातीचे आठ दिवस तुम्ही त्या बोटापायी आले असाल. मानलं. पण तुम्ही चार वर्षं आले. पाऊस असो, थंडी असो. बापाले समजावलं, बूट आणून दिले, राज्याच्या टीममध्ये निवड झाली तवा माझ्यासंगं औरंगाबादले आले. चार वर्षं कोणी चोरासारखं पाच वाजता उठते का?

वच्छलाबाई : हे खरं हाय. माह्या भेवानं तर हा मानूस सात वाजता बी उठत नाही.

पौर्णिमा : त्या बॉलवर मले नोकरी लागली. खेळाडूंच्या कोट्यातून शिपाई म्हणून लागली, मग शिकून शिक्षिका झाली. माझी पोरगी, माझं घर, उद्याचं ग्राउंड, सारं त्या दारातून आलं. तुम्ही सकाळी आले नसते तर मी बरोबर ठरली असती, अन् घरात बसली असती. मले हे चुकीचं ठरणं लय फळलं. याचे आभार मी कोणाचे मानू? तुमचेच मानते. त्या बोटासकट.

सूर्यभान सर : तू... मले माफ केलं म्हनतेस.

पौर्णिमा : मी तो बॉल झेलला तवाच झालं ते. सांगायचं राहिलं, बस. खरं म्हणजे त्या दारात कोणी कोणाले बॉल दिला, हे मले अजून नीट सांगता येत नाही.

वच्छलाबाई : आता समजलं मले तो पोलीस काहून रडत होता ते.

पौर्णिमा : काहून काकू?

वच्छलाबाई : माह्या धाकल्या जावेसंगं मी अकरा वर्सं बोलत नव्हती. घराले घर लागून, मधात कमरीयेवढी भिंत. चुकी माहीच होती, तिच्या बारशात मी नाही तसं बोलली होती. पन तोंड कोन पयले उघडते? एक दिवस तिनं भिंतीवर आंबाडीच्या भाजीची वाटी ठेवली. बोलली नाही काई. ठेवली अन् मागं फिरली. मी ते वाटी मांडीवर घेऊन रडत बसली. भाजी खारट झाली होती, तरी सारी खाल्ली. त्या पोलिसाले बी कोनी वाटी देल्ली असन. नाहीतर तो वाट पायत असन.

सूर्यभान सर : हे तू मले कधी सांगतलं नाही.

वच्छलाबाई : तुमी मले निंबाचं सांगतलं होतं का?

पौर्णिमा : मी माझ्या पोरींना सोमवारी तुमची वाटीच सांगते काकू. माझ्यापेक्षा तुम्ही नीट सांगितलं.

सूर्यभान सर : पौर्णिमा, पिंकीले माईत हाय? बाकीच्याईले?

पौर्णिमा : कोणालेच नाही. अन् मी सांगणारही नाही. उद्या माईकवर मी फक्त तुमचं नाव घेईन अन् बसून जाईन. तुम्ही आले की झालं.

सूर्यभान सर : नाही. माईक पयले मले देजो. मी सांगीन. त्या नऊजणीसमोर, तुह्या पोरीसमोर, तुह्या त्या अपेक्षासमोर. सत्तावीस वर्सं तुले उलटी म्हनतात, ते नाव आता माह्यावर येऊ दे. म्हातारपनी एखादं नाव असलं तर बरं असते.

वच्छलाबाई : पुन्हा रडसान तिथं.

सूर्यभान सर : रडीन. तू रुमाल घेजो.

पौर्णिमा : मंग मी रात्री इथंच, जठारपेठेतल्या मावशीकडे थांबते. सकाळी सातले गाडी घेऊन येते.

सूर्यभान सर : सातले नाही. पाचले ये. मी दारात उभा राहीन.

पौर्णिमा : बरं सर.

सूर्यभान सर : अन् आयक. पयला बॉल मले टाकाचा हाय ना? मंग कोन्या रिंगमधी टाकू, ते बोट आता तू दाखवजो.