मुख्यालयी राहत नाहीत

पोलिस ठाणे वाशीम, ता. वाशीम, जि. अकोला
पुरवणी जबाब, ता. १५ मार्च १९७६, सोमवार, सकाळी ११ वाजता

मी पदमचंद माणिकचंद गंगवाल, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी, सीमांत शिक्षण मंडळाच्या कला महाविद्यालयात अर्थशास्त्राचा विभागप्रमुख, राहणार जुने शहर, वाशीम. कोणी बोलावलेले नसताना आज स्वतः ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की,

माझ्या विभागातील प्राध्यापक श्री. इंद्रभान ग्यानबा पडघान, वय २९, राहणार जऊळका, हे ता. १० फेब्रुवारी १९७६ रोजी रेल्वेखाली सापडून मयत झाले. त्याबाबत माझा पहिला जबाब ता. ११ फेब्रुवारी रोजी झाला. त्यात मी असे सांगितले होते की, मयतास चालत्या गाडीतून उतरण्याची सवय होती व मला यापेक्षा अधिक माहिती नाही. त्यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा खरा नाही. मला अधिक माहिती होती.

श्री. पडघान हे जुलै १९७४ मध्ये आमच्याकडे रुजू झाले. पूर्णवेळ प्राध्यापकाने आठवड्याला वीस तास घ्यावेत, परीक्षेचे काम करावे, दुसरी नोकरी किंवा शिकवणी करू नये आणि मुख्यालयी, म्हणजे कॉलेज ज्या गावी आहे तेथेच राहावे, असे नेमणुकीच्या पत्रात छापलेले असते. दोन वर्षे काम पाहतात, मग कायम करतात. काम पाहण्याची जबाबदारी विभागप्रमुखाची, म्हणजे माझी. दरवर्षी मार्चमध्ये मी प्रत्येकाचा गोपनीय अहवाल भरून प्राचार्यांकडे देतो. तो ज्याचा त्याला दाखवीत नाहीत. वाईट शेरा असेल तर तेवढा पत्राने कळवतात.

रुजू झाल्यावर श्री. पडघान वाशिमात त्यांच्या नात्यातल्या एका कुटुंबाकडे राहिले. एका खोलीत सात माणसे होती. तेथे वाचन होत नाही म्हणून ते भाड्याची खोली शोधत होते. एके दिवशी स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "सर, खोल्या रिकाम्या हायेत. पहिले नाव विचारतात, मग आडनाव, मग गाव कोनतं, मग गावात घर कोन्या बाजूले. तिथवर गेलं का खोली भरलेली निघते." हे सांगताना ते हसले. मीही हसलो.

माझ्या घरामागे अंगणात एक खोली आहे. आमचे कापडाचे दुकान होते तेव्हा तीत गठ्ठे ठेवीत. दुकान बंद झाल्यापासून ती रिकामी आहे. नळ जवळ आहे, वाट स्वतंत्र आहे. ऑगस्ट १९७४ मध्ये श्री. पडघान यांनी मला विचारले, "सर, तुमच्या मागची खोली रिकामी हाये असं ऐकलं. मी, घरची अन् तान्हं लेकरू, बस." मी म्हणालो, घरी विचारून सांगतो. मी घरी विचारले नाही. माझी आई भागिरथी व पत्नी पानाबाई यांना ही गोष्ट आजपर्यंत ठाऊक नाही. त्यांनी हो म्हटले असते की नाही, हे मला सांगता येणार नाही. श्री. पडघान यांनी आठ-दहा दिवस वाट पाहिली असावी. पुन्हा विषय काढला नाही. दिवाळीनंतर ते पत्नी दुर्गाबाई व मूल यांना घेऊन वडिलांकडे जऊळक्याला राहू लागले आणि सकाळच्या पॅसेंजरने ये-जा करू लागले.

त्यांच्या शिकवण्याबाबत विचाराल तर, मी त्यांचा तास दोन वेळा मागच्या बाकावर बसून ऐकला आहे. नियमच तसा आहे. मागणी आणि पुरवठा हा भाग ते अनसिंगच्या बाजारातल्या मिरचीवरून समजावत होते. एक मुलगी सहसा तोंड उघडत नसे, तिने त्या दिवशी तीन प्रश्न विचारले. माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तासाला असे झालेले मला आठवत नाही.

मार्च १९७५ च्या अहवालात मी लिहिले: अध्यापन चांगले. मुख्यालयी राहत नाहीत. उशिरा येण्याची सवय आहे. कायम करण्याची घाई करू नये. हे शब्द माझे आहेत. ते खरे होते. मुख्यालयी का राहत नाहीत, असा रकाना त्या फॉर्मात नाही.

जून १९७५ मध्ये नव्या वर्षाचे वेळापत्रक करताना श्री. पडघान माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "सर, माह्या पहिल्या तासाऐवजी तिसरा द्या. गाडी सात वीसले टेशनात येते. तिथून पायी पंचवीस मिनिटं लागतात. साडेसातचा तास कसा धरू?" विभागाचे वेळापत्रक मी करतो. तिसरा तास माझा होता. मी पूजा आटोपून नऊच्या सुमारास कॉलेजात येत असे. मी त्यांना सांगितले की, नियम सगळ्यांना सारखा आहे. ते "बरं सर" म्हणाले.

त्यानंतर लवकरच देशात आणीबाणी आली व सगळीकडे वेळेच्या शिस्तीवर भर आला. आमच्या संस्थेनेही पत्रक काढले. श्री. पडघान रोज पंधरा-वीस मिनिटे उशिरा येत व तास सुटल्यावर मुलांना थांबवून तेवढी मिनिटे भरून काढीत. प्राचार्यांनी मला विचारणा केली. ता. १२ जानेवारी १९७६ रोजी श्री. पडघान यांना मेमो देण्यात आला की, यापुढे एकदा जरी उशीर झाला तर सेवा समाप्त करण्यात येईल. सही प्राचार्यांची आहे. मसुदा माझा आहे. श्री. पडघान यांनी तो माझ्यासमोर उभे राहूनच वाचला, प्रतीवर 'मिळाला' असे लिहून सही केली आणि तासाला गेले. मेमोनंतर मस्टरवर लक्ष ठेवण्यासाठी मला सकाळी लवकर येण्यास सांगण्यात आले. तेव्हापासून मी रोज सव्वासातला कॉलेजात हजर असे.

फौजदार साहेबांनी विचारले की, तुम्ही सव्वासातला येतच होता, तर पहिला तास तुम्हीच का घेतला नाही? वेळापत्रक माझ्याच हातात होते, मी ते बदलले नाही.

ता. १३ जानेवारीपासून ९ फेब्रुवारीपर्यंत श्री. पडघान यांना एकदाही उशीर झाला नाही. ते कसे पोचतात हे मी त्यांना विचारले नाही. रेल्वे स्टेशनच्या अलीकडे फाटक आहे. फाटकापासून आमचे कॉलेज सात मिनिटांवर आहे. फाटकाच्या बाहेरचा सिग्नल बहुधा उभा असतो, म्हणून गाडी तेथे अगदी हळू होते, कधी थांबते, हे वाशिमात सर्वांना माहीत आहे. त्या दिवसांत श्री. पडघान यांच्या पॅंटला गुडघ्याशी खडीची धूळ असे. एकदा उजवा तळहात सोललेला होता. फळ्यावर लिहिताना खडू बोटांच्या टोकांनी धरला होता. मी ते पाहिले. त्याच दिवशी मी प्राचार्यांना म्हणालो की, मेमोचा उपयोग झाला.

ता. १० फेब्रुवारी, मंगळवार. मी साडेसातला मस्टरपाशी होतो. श्री. पडघान आले नव्हते. वर्गात मुले बसली होती. सात पस्तीसला मी त्यांच्या नावापुढे लाल पेन्सिलीने उशिराची खूण केली. त्यानंतर दोन-तीन मिनिटांत फाटकावरून एक माणूस सायकलने आला व म्हणाला, "तुमचे एक सर गाडीखाली आले." मी त्याच्याच सायकलवर मागे बसून गेलो.

श्री. पडघान यांना रुळावरून उचलून फाटकाच्या चौकीजवळ बाजेवर ठेवले होते. दोन्ही पायांवर गोणपाट टाकले होते. गेटमन हरिसिंग त्यांच्या उशाशी बसून पाणी पाजत होता. त्याने मला सांगितले, "मास्तर, रोज सिग्नल उभा राहे, गाडी हळू होये, हे उतरून जात. आज गाडी टायमात होती, सिग्नल पडेल होता, लाइन मोकळी. गाडीनं वेग काही सोडला नाही. मी इकडून हात केला, नोका उतरू म्हनून. त्याहिनं घडी पाहिली अन् उडी टाकली."

श्री. पडघान शुद्धीवर होते. त्यांनी मला ओळखले. म्हणाले, "सर, टाइम काय झाला?" तेव्हा सात पंचेचाळीस झाले होते. मी सात पंचवीस सांगितले. ते म्हणाले, "मंग पोचतो." नंतर त्यांनी डोळे मिटले. बैलगाडीतून सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी प्रयत्न केले. सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी ते वारले. मी तेथे होतो. दुर्गाबाई व मयताचे वडील ग्यानबा हे मिळेल त्या वाहनाने दुपारी एकच्या पुढे पोचले. दुर्गाबाईंच्या कडेवर मूल होते. मी व्हरांड्यात उभा होतो. त्यांच्यापुढे गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांकडे येण्यापूर्वी प्राचार्यांनी मला खोलीत बोलावले. म्हणाले, "गंगवाल, मेमोचं बोलू नका. संस्थेचं नाव जाईल. माणूस परत तर येत नाही. अन् पुढच्या वर्षी उपप्राचार्याची जागा भरायची आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे." मी मेमोचे बोललो नाही. मेमोची प्रत त्यानंतर फाइलीत नाही. माझ्या अक्षरातला मसुदा मात्र माझ्याकडे घरी होता. तो आज हजर करीत आहे. मस्टरचे पानही पाहावे, अशी विनंती आहे. ती लाल खूण माझी आहे, आणि ती केली तेव्हा श्री. पडघान फाटकाशी पडून वीस मिनिटे झाली होती.

मी आज का आलो, तर त्याचे कारण असे. गेल्या सोमवारी, ता. ८ मार्च रोजी, मयताचे वडील ग्यानबा पडघान, वय अंदाजे ६५, धंदा शेतमजुरी, हे मुलाची पुस्तके नेण्यासाठी कॉलेजात आले. मी कपाट उघडून दिले. पुस्तके त्यांनी धोतराच्या फडक्यात बांधली. मग मला म्हणाले, "मास्तर, मी अनाडी मानूस. तुमचे मोठे सायेब म्हनले, पोराले तशी सवय होती. असंन. पन मले एक सांगा. गाडी तं टेशनावर थांबतेच. मंग माह्या पोराले चालत्या गाडीतून काहून उतरा लागलं?"

मी म्हणालो, चौकशी चालू आहे.

ते म्हणाले, "बरं. झाली का कळवजा." आणि गठ्ठा डोक्यावर घेऊन गेले. त्यांच्या गाडीला अजून तीन तास होते. मी त्यांना बसा म्हणालो नाही. चौकशी कोण करीत आहे, हे मला माहीत नव्हते. त्या दिवसापासून मी विचार करतो आहे की, ती चौकशी मीच करायची होती.

परवा कार्यालयाकडून या वर्षीचे गोपनीय अहवालाचे कोरे फॉर्म आले. त्यात श्री. पडघान यांच्या नावाचाही एक आहे, कारण १० फेब्रुवारीपर्यंत त्यांची सेवा झाली. तो मी काल भरला. वक्तशीरपणाच्या रकान्यात लिहिले की, मेमोनंतर एकही तास चुकला नाही, शेवटचा सोडून. मुख्यालयी राहतात काय, यापुढे लिहिले की, राहू इच्छित होते. विभागप्रमुखाकडे खोली होती, मागितली, दिली नाही. आज सकाळी तो प्राचार्यांकडे दिला. त्यांनी वाचून परत केला व म्हणाले की, असा अहवाल घेता येत नाही, दुसरा भरून द्या. मी दुसरा भरणार नाही. तो फॉर्मही या कागदांसोबत ठेवावा.

माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. यामुळे माझ्या नोकरीचे काय होईल, हे मला समजते.

हा जबाब जमादार माणिकराव यांनी मला सावकाश वाचून दाखविला. मी बोललो तेच त्यात आहे. एक विनंती मी केली की, ग्यानबा पडघान यांना वाचता येत नाही, तेव्हा हा जबाब ठाण्यातर्फे त्यांनाही वाचून दाखवावा. फौजदार साहेब म्हणाले, "कागद इथून बाहेर जात नाही, मास्तर. अन् आमच्या शिपायाच्या तोंडून त्यांनी हे काहून ऐकावं? जे इथं सांगितलं ते तिथं जाऊन तुमीच सांगा."

उद्या सकाळच्या गाडीने मी जऊळक्याला जाणार आहे.

जबाब बरोबर आहे, म्हणून सही केली.

(सही) प. मा. गंगवाल
समक्ष: फौजदार, पोलिस ठाणे वाशीम