बैठकीतून कोण उठलं?

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या प्राचार्या, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, विश्वस्त मंडळाचे सदस्य, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत त्या आपल्या बाई, 'आता ही दिवसभर घरी असणार' या विचाराने पहिल्या रांगेत जरा गंभीर होऊन बसलेले बाईंचे यजमान, पत्रकारिता विभागातले सहकारी आणि आजी-माजी विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मी या संस्थेचा कायदेविषयक सल्लागार. म्हणजे काही अंगाशी आलं की ज्याला फोन जातो, तो माणूस. अशा माणसाच्या हाती ध्वनिक्षेपक देऊ नका, असं मी संयोजकांना बजावलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा पुढचं सगळं त्यांच्या जबाबदारीवर.

बाईंचा विषय माध्यमांचा कायदा आणि नीतिमूल्ये. वेळापत्रकात हा तास नेहमी जेवणानंतर असायचा, आणि तरीही वर्गात कुणी पेंगत नसे. 'असे समजते' हे शब्द बाईंना अजिबात खपायचे नाहीत. बातमीत ते दिसले की विचारायच्या, "कुणाला समजते? तुला समजलंय का? मग नीट सांग की!"

एकदा विभागाच्या पाक्षिकात एका उत्साही विद्यार्थ्याने मथळा दिला, 'ग्रंथालयात पुस्तकचोर रंगेहाथ पकडला.' दारात अडवलेले ते गृहस्थ म्हणजे आपले पाहुणे व्याख्याते निघाले. पुस्तकं त्यांची स्वतःची होती. आणि त्या दुपारच्या त्यांच्या व्याख्यानाचा विषय काय, तर वृत्तपत्रांची विश्वासार्हता! बाईंनी छापलेले गठ्ठे जागच्या जागी थांबवले आणि त्या मुलाला सांगितलं, "जा, त्यांना बातमी वाचून दाखव. चोर कोण हे न्यायालय ठरवेल. तू काय पाहिलंस तेवढं लिही." पाहुणे पोट धरून हसले. मुलगा मात्र हसला नाही. आज तो एका मोठ्या वृत्तसंस्थेत आहे आणि असा एखादा शब्द लिहिण्याआधी अजूनही मला फोन करतो. अर्थात फुकट.

असो. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

पाक्षिकाच्या बैठकीसाठी बाईंनी एक पद्धत घालून दिली होती. बातमीचा विषय निघाला की त्या बातमीतल्या कुणाशीही ज्याचं नातं असेल, त्याने उठायचं, बाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसायचं आणि निर्णय झाल्यावरच आत यायचं. नातं म्हणजे रक्ताचंच असं नाही. मैत्री चालेल, शेजार चालेल, जुनं भांडण तर फारच चालेल. का उठलास, हे कुणी विचारायचं नाही. आपल्या माणसाच्या बातमीवर आपण बसू नये, इतका सरळ हिशेब. साऱ्या संस्थेला ही पद्धत ठाऊक होती आणि पाहुणे आले की आम्ही ती कौतुकाने सांगायचो.

पद्धत चोख होती. तिच्यात भोक होतं, ते तेवढं कुणाला दिसलं नव्हतं.

एका वर्षी एका विद्यार्थ्याने बातमी आणली. मुलींच्या वसतिगृहाचा मागचा दरवाजा, म्हणजे आग लागली तर बाहेर पडायचा, तो कुलूप लावून बंद केला होता आणि आतल्या बाजूने जुन्या पलंगांची थप्पी लावली होती. तपासणीच्या अहवालात मात्र तो 'सदैव खुला'. ही माहिती दिली होती वसतिगृहातल्याच एका कर्मचाऱ्याने, आपलं नाव बाहेर येणार नाही या शब्दावर. तो शब्द बातमीदाराने दिला होता आणि बाईंनी त्यावर मान डोलावली होती. नाव या दोघांनाच माहीत.

बैठकीत विषय निघाला. 'एका कर्मचाऱ्याने दिलेल्या माहितीनुसार' एवढं वाक्य वाचून झालं आणि एक खुर्ची सरकली.

मंडळी, आता लक्षात घ्या काय झालं ते. त्या कर्मचाऱ्याच्या घरचं कुणीतरी त्या खोलीत बसलं होतं. मुलगा असेल, मुलगी असेल, भाचा असेल, मला माहीत नाही. पण ते लेकरू बाईंनीच शिकवलेल्या पद्धतीने प्रामाणिकपणे उठायला निघालं होतं. ते उठून बाकावर जाऊन बसलं असतं, तर माहिती कुणाकडून आली हे दाराबाहेरच्या शिपायालाही कळलं असतं. संध्याकाळपर्यंत एका माणसाची नोकरी गेली असती. ज्या शब्दावर तो बोलला, तो शब्द आमच्या प्रामाणिकपणानेच मोडला असता.

खुर्ची कुणाची ते कळायच्या आत बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझं नातं आहे या बातमीशी. मी बाहेर चालले." आणि दाराकडे जाता जाता मागे न बघता म्हणाल्या, "आणखी कुणाचं असेल तर त्यानेही यावं. माझ्या वर्गातल्या मुली त्या इमारतीत झोपतात. तुमच्या ओळखीच्या कुणी झोपतात का, बघा विचार करून."

सगळे उठले. झाडून सगळे. बाक एवढासा, म्हणून निम्मे जिन्यात बसले. बातमीवर निर्णय घ्यायला आत कुणी उरलंच नाही. शेवटी बाईंनी पलीकडच्या वर्गातून छायाचित्रणाच्या सरांना हाताला धरून आणलं. त्यांनी सगळे पुरावे तपासले, व्यवस्थापनाचा खुलासा मागवून तो पूर्ण छापला, आणि बातमी गेली.

दरवाजा त्याच आठवड्यात उघडला. पाक्षिक वर्षभरासाठी बंद झालं. आणि चौकशी बसली. त्या चौकशीत संस्थेच्या बाजूने मी होतो. ते माझं कामच आहे.

माहिती कुणी दिली हे विद्यार्थ्यांना विचारू नये, ते सांगणार नाहीत आणि त्यांनी सांगूही नये, असा सल्ला मी तेव्हाच्या सचिवांना दिला. सचिव हुशार. म्हणाले, "नाव नकोच. आपण एवढंच विचारू, बैठकीतून कोण उठलं?" यावर काय हरकत घेणार? मी प्रश्न लिहून घेतला.

विद्यार्थी एकेक करून आत आले.

"बैठकीतून कोण उठलं?"

"मी उठलो."

"आणखी कोण?"

"सगळेच."

प्रत्येकाने हेच सांगितलं. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. खोटं बोलायची वेळच बाईंनी त्यांच्यावर येऊ दिली नव्हती. मी इतकी वर्षं साक्षी ऐकतोय, पण इतकी खरी आणि इतकी निरुपयोगी साक्ष मी ऐकलेली नाही.

शेवटी बाई आल्या. सचिवांनी विचारलं, "सगळ्यांत आधी कोण उठलं?"

"मी."

हे खरं होतं का? मी खूप विचार केला आहे. खुर्ची आधी दुसऱ्याची सरकली होती, हे चौकशी संपल्यावर बऱ्याच काळाने एका माजी विद्यार्थ्याने मला सांगितलं. पण खुर्ची सरकणं वेगळं आणि माणूस उठणं वेगळं. बाई कायदा शिकवतात. शब्द मोजूनच दिला होता त्यांनी.

त्या वर्षी कुणाचीही नोकरी गेली नाही. मला कळलं ते एवढंच, आणि मला त्याचा फार आनंद झाला. तेव्हा तो दाखवता येत नव्हता, आज दाखवतो.

पुढे बाईंनी पद्धत सुधारली. बैठकीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने, नातं असो वा नसो, त्यांना एकट्याने भेटून जायचं. मग त्या कुणाला फळा पुसायला ठेवायच्या, कुणाला छापखान्यात धाडायच्या, आणि कोण का गैरहजर आहे याचा कुणाला पत्ता लागायचा नाही. व्हरांड्यातला बाक अजून आहे. आता त्यावर प्रेमात पडलेले बसतात.

बाई, तुम्ही विद्यार्थ्यांना कायदा शिकवलात. पण दिलेला शब्द पाळताना कधी कधी आपणच आधी उभं राहावं लागतं, हे कुठल्याच कलमात नाही. ते तुम्ही करून दाखवलंत. मला तुमचा हेवा वाटतो, हे जाहीरपणे सांगतो.

वेळ थोडा जास्त घेतला. बोलण्यात काही कमी-अधिक झालं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि संयोजकांचे मनापासून आभार.

जाता जाता एक विनंती. बाईंच्या सन्मानार्थ आता आपण उभे राहू या. त्या दिवशी जिची खुर्ची सरकली ती व्यक्ती कदाचित आज या सभागृहात असेल. मला ती ओळखायची नाही. म्हणून कुणीही एकट्याने, घाईने उठू नका. सगळे एकदम उठा.

आणि बाई, आज तुम्ही बसून राहा.