भिंतीवर पट्टी नाही

लेक : बाबा, पट्टी कुठाय?

बाप : कसली पट्टी?

लेक : कालची. डॉक्टरांच्या गाडीच्या टपामागे छज्जा बसवला, कार्बनचा स्पॉयलर, त्याची. भिंतीवर नाही.

बाप : असेल कुठे कोपऱ्यात. तू झालीस त्या वर्षापासून या भिंतीवरची पट्टी चुकलेली नाही. छज्जा घासून झाला की त्याच्या पोटाला कागदी पट्टी, पट्टीवर माझी रेघ. गाडीला चिकटवायच्या आधी पट्टी काढायची आणि या भिंतीवर लावायची. झोपेतसुद्धा चुकायचो नाही मी.

लेक : मला कशाला शिकवताय? मी दोनदा बघितलं. शेवटची पट्टी त्या लाल गाडीची आहे, गेल्या आठवड्यातली. आणि आता हे बघा. फळीवर दुसरा नग राहिलाय ना, उद्याच्या गाडीचा? त्याच्या पोटाला पट्टी आहे. तुमची रेघ आहे तिच्यावर.

बाप : त्याला कशी असेल? तो मी घासलेलाच नाही. साच्यातून काढला तसा ठेवलाय.

लेक : हात लावून बघा.

बाप : आण इकडे.

लेक : धरा. जपून.

बाप : खरखरीत लागतंय.

लेक : हो.

बाप : हा घासलेला आहे. हा तर डॉक्टरांचा.

लेक : मग डॉक्टरांच्या टपावर काय गेलंय बाबा?

बाप : थांब. मला बसू दे जरा.

लेक : स्टूल मागे आहे. बसा. पाणी देऊ?

बाप : पाणी नको. तू काल कुठल्या फळीवरून घेतलास?

लेक : डावीकडच्या. घासलेला डावीकडे, कच्चा उजवीकडे. हात आपोआप जातो तिकडे.

बाप : मग बरोबरच घेतलास.

लेक : काल सकाळी मी फळ्या पुसल्या. कार्बनची काळी भुकटी साचली होती म्हणून. दोन्ही नग खाली काढले, फडकं मारलं, परत वर ठेवले.

बाप : परत ठेवताना कुठला कुठे?

लेक : ते आठवत असतं तर तुम्हाला पट्टी विचारली असती का? दोन्ही काळे, दोन्ही एका साच्यातले. जुळी पोरं. आणि मी तुम्हाला विचारलं होतं. ग्लूची नळी हातात घेऊन विचारलं होतं, घासलंय ना? तुम्ही हो म्हणालात.

बाप : घासलं होतंच की. मी माझं खरं ते सांगितलं. मी तिकडे गाडीच्या टपावर निशाण्या करत होतो, नग काही मी बघितला नाही. पट्टी तू काढलीस असं मला वाटलं.

लेक : आणि मला वाटलं, तुम्ही काढली.

बाप : दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

लेक : म्हणी नका सांगू आता. मला आधी सांगा, किती भ्यायचं. ग्लू चोवीस तास वाळलाय. काल दिवसभर आणि रात्रभर गाडी शेडमध्येच होती, आज दहाला नेली त्यांनी. नेण्याआधी मी स्वतः ओढून बघितलं. हलला नाही.

बाप : उभ्या गाडीवर काहीही टिकतं. साच्यातून निघालेल्या नगाला साच्याचं मेण असतं, म्हणूनच तो साच्यातून सुटतो. ते सँडपेपरनं घासून, थिनरनं पुसून काढलं नाही तर ग्लू धरतो तो दुधावरच्या सायीसारखा. वरून एकसंध दिसते आणि बोट लावलं की गोळा होऊन येते.

लेक : पण तिथे बोट कोण लावतंय?

बाप : वारा लावतो. एक कोपरा उचलला गेला की झालं. मी म्हटलं होतं, दोन स्क्रू मारू.

लेक : नव्या गाडीला भोकं नकोत म्हणाले ते. म्हणे, मी लोकांच्या दातांना भोकं पाडतो, माझ्या गाडीला नको. आपण हसलो.

बाप : फोन लाव.

लेक : बोलता बोलता तीनदा लावला. उचलत नाहीत.

बाप : दवाखान्यात लाव.

लेक : थांबा... हॅलो, डॉक्टर आहेत का? गाडीच्या कामाचं बोलायचं होतं. कुठे? हायवेला? किती वेळ झाला? बरं. आणि बरोबर कोण? असं. नाही, काही नाही. त्यांचा फोन आला तर म्हणावं, आधी मला फोन करा. आधी, बरं का.

बाप : दवाखान्यातली मुलगी काय म्हणाली?

लेक : आज दवाखाना बंद ठेवलाय. हायवेवर गाडी मोकळी सोडून बघायला गेलेत. मेहुणा बरोबर आहे.

बाप : गाडीत?

लेक : नाही. मोटरसायकलवर, मागून. हेल्मेटला कॅमेरा लावलाय. छज्जा वाऱ्यात कसा दिसतो त्याचा व्हिडिओ काढतोय.

बाप : मागून.

लेक : बाबा.

बाप : किती मागून, ते विचारलंस?

लेक : तिला काय माहीत?

बाप : लाव परत. उचलेपर्यंत लावत राहा.

लेक : वाजतोय. वाजतोय अजून. उचला हो. उचला ना.

(फोन कामाच्या टेबलावर, स्पीकर चालू.)

डॉक्टर : काय ताई, एवढे मिसकॉल? अक्कलदाढ दुखणारे पेशंटसुद्धा इतका पिच्छा पुरवत नाहीत. सॉरी, गाणी मोठ्यानं लागली होती.

लेक : डॉक्टर, किती वेगात आहात?

डॉक्टर : आमच्या सौ.ना सांगणार नसाल तर सांगतो. एकशे तीस. काय गाडी झालीय ताई. मागून म्हणे चित्त्यासारखी दिसतेय. मेहुणा तर वेडाच झालाय.

लेक : डॉक्टर, ऐका. तो छज्जा...

बाप : मी बोलतो. डॉक्टरसाहेब, मी बोलतोय, म्हातारा.

डॉक्टर : बोला काका.

बाप : वरून काही आवाज येतोय का?

डॉक्टर : आवाज? हां, मघापासून थोडं टकटक होतंय. मला वाटलं डिकीत काही सुटं पडलंय. का हो?

लेक : देवा.

डॉक्टर : ताई काय म्हणाल्या?

बाप : काही नाही. मी सांगतो तेवढं करायचं, कारण मागाहून सांगेन. ब्रेक दाबायचा नाही. अजिबात नाही. मेहुणे किती मागे आहेत?

डॉक्टर : अगदी चिकटून. आरशात नाक दिसतंय त्याचं. काका, मला जरा भीती वाटायला लागलीय तुमच्या आवाजाची.

बाप : मलाही वाटतेय. म्हणूनच ब्रेक नको. तुम्ही ब्रेक दाबला तर ते आणखी जवळ येतील. पेडलवरून पाय नुसता उचला. गाडी आपोआप मंदावू दे.

डॉक्टर : उचलला. एकशे वीस.

बाप : आता खिडकीतून हात काढा आणि त्यांना खूण करा, पुढे जा म्हणून.

डॉक्टर : करतोय. अरे... तो अंगठा दाखवतोय. त्याला वाटतंय मी कॅमेऱ्याला हात करतोय. आणखी जवळ आलाय.

लेक : हात आत घ्या डॉक्टर, नका करू खूण. तुमच्या खुणेनं तो जवळच येतोय.

बाप : बरोबर बोलली. हात आत घ्या. किती झालं?

डॉक्टर : शंभर. काका, टकटक थांबली. थांबली म्हणजे बरंय ना?

लेक : बाबा, थांबली म्हणजे काय?

बाप : मला माहीत नाही. डॉक्टर, इंडिकेटर लावा आणि हळूहळू कडेच्या बाजूला सरका. सत्तरच्या खाली आलात की मेहुणे कंटाळून बाजूनं पुढे येतील आणि काय झालं म्हणून विचारतील. विचारल्याशिवाय राहणारे नाहीत ते.

डॉक्टर : मेहुणा आहे माझा, विचारल्याशिवाय श्वाससुद्धा घेत नाही. ऐंशी. सत्तर. परत वाजायला लागलं. आता मोठ्यानं वाजतंय काका. मागच्या काचेवर आपटतंय काहीतरी.

बाप : ब्रेक नको.

डॉक्टर : पाय आपोआप जातोय.

बाप : पाय माझ्या ताब्यात द्या. पन्नास झाले का?

डॉक्टर : साठ. तो बाजूला निघाला. येतोय. आला, खिडकीशी आला. काय झालं विचारतोय.

बाप : पुढे जा म्हणा. माझ्या पुढे जाऊन थांब, एवढंच. बाकी काही सांगू नका.

डॉक्टर : अरे पुढे हो. पुढे. माझ्या पुढे जाऊन थांब, सांगतो मग. हो, अरे जा म्हटलं ना बाबा... गेला. पुढे गेला काका.

लेक : पुढे आहे ना? नक्की पुढे?

डॉक्टर : समोर दिसतोय मला. पाठ दिसतेय त्याची.

बाप : आता मागे आरशात बघा. कुणी दुसरं?

डॉक्टर : एक ट्रक, लांब आहे.

बाप : मग आता पाय ब्रेकवर ठेवा. अंड्यावर ठेवावा तसा. कडेला घ्या आणि थांबा.

डॉक्टर : थांबलो. उतरतो.

लेक : रस्त्याच्या बाजूनं नका उतरू.

डॉक्टर : आहे लक्षात ताई. मागे जातोय. दिसायला तर ठीक दिसतोय हो. एका बाजूला जरा... हात लावू?

बाप : नुसता टेकवा.

डॉक्टर : टेकवला. काका.

बाप : बोला.

डॉक्टर : हातात आला. अख्खा. मी ओढलासुद्धा नाही.

लेक : बाबा, बसा. बसा खाली.

डॉक्टर : पोटाच्या बाजूनं आरशासारखा चकचकीत आहे. माझं तोंड दिसतंय त्यात.

बाप : तिथे तोंड दिसायला नको होतं साहेब. ते घासायचं राहिलं. चूक माझी आहे.

लेक : फळीवर अदलाबदल मी केली. माझी आहे.

डॉक्टर : कुणाची ते आल्यावर ठरवू. हा कडक तुकडा एकशे तीसच्या वेगात त्याच्या गळ्याशी... आणि तो तिथे उभा राहून हसतोय. व्हिडिओ मस्त आलाय म्हणतो.

बाप : त्यांना आत्ता सांगू नका. घरी पोचल्यावर सांगा. मोटरसायकल चालवत परत यायचंय त्यांना.

डॉक्टर : बरं.

बाप : छज्जा मागच्या सीटवर ठेवा. हळू या. मेहुण्यांना पुढेच राहू द्या.

डॉक्टर : येतो. काका, एक विचारू? हे पाय, ब्रेक, त्याला पुढे काढणं. तुम्ही काही गाडी चालवत नाही. हे सगळं कुठे शिकलात?

बाप : आधी या तर. चहा ठेवतो.

लेक : ठेवला त्यांनी फोन. बाबा, सरका, मलाही टेकू द्या.

बाप : बस.

लेक : त्यांना उत्तर नाही दिलंत.

बाप : ते त्यांच्यासाठी नव्हतं.

लेक : मग मला द्या.

बाप : भिंतीवरची पहिली पट्टी कुठली, माहीत आहे?

लेक : ती दाराजवळची, पिवळी पडलेली. तिच्यावर रेघ पण नाही, नुसता अंगठा आहे. आई म्हणायची, तुम्ही पहिल्याच कामाला शाई सांडली.

बाप : शाई सांडली नव्हती. तेव्हा मला रेघसुद्धा सुचत नव्हती. अक्षर तर तू शाळेत जायला लागल्यावर तुझ्या पाटीवर शिकलो. तेव्हा कार्बन नव्हता, साधं फायबर होतं. टेंपोच्या टपावर वारा कापायला पुढे उभा पत्रा लावतात तसा एक बनवला होता आम्ही दोघा भावांनी. मी घासायचं, मोठ्या भावानं चिकटवायचं. त्यानं विचारलं, झालं का? मी हो म्हणालो. मी दुसऱ्याच नगाचं म्हणत होतो.

लेक : आणि मोठे काका...

बाप : टेंपो निघाला. वाऱ्यात आपलं काम कसं बसलंय ते बघायला तो मोटरसायकल काढून मागे गेला. कॅमेरा नव्हता, नुसते डोळे. मी शेडच्या दारात उभा होतो. टेंपोवाल्याला टकटक ऐकू आली आणि त्यानं ब्रेक दाबला. मोठा जवळ गेला आणि पत्रा सुटून त्याच्यावर आला.

लेक : मला तर सांगितलंत, ते गाडीवरून घसरून पडले.

बाप : पडलाच तो. एवढं खरं आहे. बाकी तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही मी. तेवीस वर्षं रोज सकाळी शेड उघडताना तो गेल्यावर लावलेल्या त्या अंगठ्यासमोरून आत येतो.

लेक : बाबा, इकडे बघा माझ्याकडे.

बाप : नंतर बघतो. आधी ते पेन दे, पांढऱ्या शाईचं. आणि काळी पट्टी फाड एक. अंगठ्याखाली लावायची आहे. डॉक्टर यायच्या आत लिहून होऊ दे. मेहुण्यांनाही वाचू दे.

लेक : हे घ्या. मी लिहू का?

बाप : नको. तू फक्त वाच, कुठे काना राहिला तर सांग.

लेक : वाचते. 'माझा मोठा भाऊ माझ्या चुकीनं गेला. मंगळवार होता, सकाळचे साडेनऊ. मुलगी अकरा दिवसांची होती.'