दत्तरावांचं चाकावरचं घर

बरं, घ्यायचीच व्हती मोटार तर माणसावाणी बसायची घ्यावी की न्हाई? न्हाई! आमच्या सेलूच्या दत्तरावांनी राहायची घेतली! तुमाला सांगतो, लष्करानं मोडीत काढलेली, जखमी शिपाई न्यायची गाडी, हत्तीएवढी, तिच्यावर लाकडाची खोली, खोलीवर पत्रा, आत झोपायला फळ्या, चुलीला कोनाडा… आन् त्यांच्या बायकोनं, भिवराबाईनं, पदर नाकाला लावून आत डोकावलं तर दवाखान्याचा भपकन वास! म्हणली, "आन् हिला म्हणं घर म्हणायचं!"

आता तुमी म्हणाल, कापसाच्या अडत्याला हे डोहाळे कशाला? सांगतो. लेक कोकिळा पिंगळीला दिलेली. लग्नानंतर दत्तराव पहिल्यांदा तिच्याकडं गेले, जेवून पडवीत जरा आडवे झाले, आन् शेजारच्या बैलानं डोक्याचा पटका निम्मा चघळला! चघळला तर चघळला, पर इवाई वैजीनाथराव, कोकिळाचे सासरे, हसले. पोट धरून हसले! "दत्तराव, बैलालाबी तुमचा कापूस पसंत पडला की!" झालं! ह्यांनी उरलेला पटका काखंत मारला. "तुमच्या छपराखाली पुन्ना पाठ टेकली तर नावाचा दत्तराव न्हाई!"

तवापासून एकच जिद्द. लेकीच्या गावी जायचं, पर आपलं छप्पर घेऊन. अवो, गोगलगायबी छप्पर घेऊनच हिंडती, पर ती हॉर्न तरी वाजवत न्हाई!

सिकंदराबादच्या दलालानं आधी जीप दाखवली. छोटी, हलकी, मागं तंबू बांधायची, लय गुणाची. "तंबू नको, छप्पर पाहिजे!" दलालानं वळखलं, गिऱ्हाईक पिकलंय. "अजी सेठ, तो ये देखो! चारों चक्के ताकत लगाते! पहाड पे चढती, कीचड में नक्को रुकती!" आता सेलूत कुठला पहाड हो? कापसाच्या गंजीवर चढायचं व्हतं का?

आन् आणल्यावर तरी सुख? आपलं घर सणासुदीला सारवलं की झालं. हिचं रोज! सकाळी हँडल मारा, ती खोकणार, खोकून थांबणार, बैलजोडीला पुरंल एवढं पाणी पिणार. सांध्यांना डांबर फासलं तर उन्हानं वितळून भिवराबाईच्या लुगड्यावर. उंदरांनी वायरी खाल्ल्या. दार फुगलं आन् दत्तराव आतच अडकले, सांजपतूर! बाईनं खिडकीतून भाकर दिली, पाण्याचा तांब्या दिला, वर म्हणली, "आन् हिला म्हणं घर म्हणायचं!"

इकडं कोकिळाला दिवस गेलेले. सातव्यात माहेरी आणायची, तर ह्यांचं डांबर वाळंना. आठवा गेला, नववा लागला. भिवराबाई रडकुंडीला आली. "अवो, सेलूला रेल्वेत बसलं की पिंगळीला उतरायचं! मी एकटी जाते, घेऊन येते."

"न्हाई! माझी लेक माझ्याच छपराखाली येईल!"

निघाले. हत्ती नक्षत्राचा पाऊस चालू, काळी जमीन… सडकंवर व्हती तवर बरी चालली, कबूल करतो. पर इवायाच्या दारात थाटात उतरायचं म्हणून शेतातनं घातली, आन् दारापुढंच बसली गपकन! चारी चाकं ताकद लावायलीत की, खाली जायला! जेवढी ताकद तेवढी खोल! वैजीनाथराव पळत आले, पर ह्या बारीला हसले न्हाईत. घरात कोकिळाला कळा सुरू झालत्या.

भिवराबाई चिखल तुडवत धावली. लेक भिंतीला धरून उभी, तोंड पांढरंफटक. "आई, तू मला घरी नेणार व्हतीस ना गं?" काय सांगावं? बाईनं पदर डोळ्याला लावला.

तवा कोकिळाची सासू धुरपताबाई म्हणल्या, "इहीणबाई, रडता कशाला? पहिलं बाळतपण आईच्या छपराखाली. तुमी तर छप्परच दारात आणलंय. चला!"

बायांनी पोरीला खाटंवर घालून न्हेली. आत बघावं तर दत्तराव फळीवर फतकल मारून! "आरं, पर माझं घर…" "बाप्याचं काय काम हितं?" सुईण दगडाबाईनं दंडाला धरून खाली काढले. वरून पत्रा गळायला. तर वैजीनाथराव आपली ताडपत्री घेऊन वर चढले, आन् वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर पालथे पडून ऱ्हायले, भिजत! आतून बाळाचा ट्यॅहां ऐकू आला. नात! दत्तराव चिखलात उभे राहून लेकरावाणी रडले. भिवराबाईनं आतल्या फळीवरनं हात फिरवला. "आन् हिला म्हणं घर…" म्हणली, आन् नातीला पदरात घेतली.

मग काय! चिखल वाळंना, गाडी हलंना, बाळंतीण तर सव्वा महिना उठंना. आन् दत्तराव कुठं? पडवीत! इवायाच्या छपराखाली, चांगली पाठ टेकून. पटका तेवढा उशाखाली!

तुमाला वाटंल, अक्कल आली. भिवराबाईलाबी तसंच वाटलं बिचारीला. पर रोज दुपारी दोन इवाई पडवीत शेजारी-शेजारी आडवे, त्यांच्या गप्पा काय? रेडिएटर! हँडल! एक दिवस वैजीनाथराव म्हणले, "दत्तराव, मी वर झोपून बघितलंय, छप्पर वाईट न्हाई बरं का. पर आमच्या धुरपताला उंच पडंल. ती तुमी सोडलेली जीप असंल का हो अजून?"

आता दोघंबी गेलेत सिकंदराबादला. एका पिशवीत भाकरी बांधून, गळ्यात गळे घालून.

भिवराबाई नातीला मांडीवर थोपटती आन् म्हणती, "ह्यांचं भांडण व्हतं तवा एकच मोटार व्हती, माय!"